पुन्हा गुंतवलेल्या लाभांशाची नोंद : व्यवहार एक, घटना दोन

अमेरिकेत ब्रोकरेज खाते उघडताना एक लहानसा पर्याय निवडावा लागतो : लाभांश रोखीने खात्यात जमा करावा की त्याच शेअरमध्ये पुन्हा गुंतवावा. बहुतेक नोकरदार दुसरा पर्याय निवडतात आणि तो निवडल्याचे विसरूनही जातात. इंग्रजीत या व्यवस्थेला ‘डिव्हिडंड रीइन्व्हेस्टमेंट प्लॅन’ आणि आद्याक्षरांवरून ‘ड्रिप’ म्हणतात. नळाच्या थेंबाप्रमाणे दर तिमाहीला दीड-दोन शेअर खात्यात पडत राहतात. चक्रवाढीच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम आहे. हिशेबाच्या दृष्टीने मात्र ती घरगुती दप्तरातील सर्वांत त्रासदायक नोंदींपैकी एक ठरते, कारण पैसा हाताला न लागता येतो आणि हाताला न लागताच खर्च होतो.

लाभांशाची पुनर्गुंतवणूक हा पडद्यावर एका ओळीत दिसणारा व्यवहार असला, तरी त्यात दोन स्वतंत्र घटना असतात. पहिली घटना उत्पन्नाची : कंपनीने लाभांश दिला आणि तो करपात्र झाला. दुसरी घटना खरेदीची : त्या रकमेतून त्या दिवशीच्या भावाने नवे शेअर घेतले गेले. उत्पन्नाची घटना नोंदवायची राहिली तर विवरणपत्रात लाभांश कमी दिसतो आणि करखात्याकडे पोहोचलेल्या आकड्यांशी तो जुळत नाही. खरेदीची घटना राहिली तर नुकसान अधिक होते आणि ते उशिरा कळते. त्या शेअरांची खरेदी-किंमत, ज्याला अमेरिकी करव्यवस्थेत ‘कॉस्ट बेसिस’ म्हणतात, दप्तरात शून्य राहते. मग विक्रीच्या वेळी ज्या पैशावर लाभांश म्हणून एकदा कर भरला, त्याच पैशावर भांडवली नफा म्हणून पुन्हा कर भरला जातो.

हे नुकसान किती मोठे असू शकते, याचा अंदाज एका साध्या गणिताने येतो. १०,००० डॉलरची गुंतवणूक, वर्षाला ३ टक्के लाभांश, तो वर्षातून एकदा पुन्हा गुंतवलेला आणि शेअरचा भाव २० वर्षे जागचा हललेला नाही, असे मानू. वीस वर्षांनी गुंतवणुकीचे मूल्य सुमारे १८,०६१ डॉलर होते. खरा भांडवली नफा शून्य आहे, कारण ८,०६१ डॉलरची सगळी वाढ लाभांशाची आहे आणि तिच्यावर वर्षानुवर्षे कर भरून झाला आहे. परंतु ज्याच्या दप्तरात मूळ १०,००० हीच खरेदी-किंमत राहिली, तो ८,०६१ डॉलरचा नफा दाखवील आणि १५ टक्के दराने सुमारे १,२०९ डॉलर पुन्हा भरील. झालेल्याच नसलेल्या नफ्यावरचा हा कर आहे.

‘ब्रोकर हे सर्व ठेवतोच की’ हा आक्षेप येथे स्वाभाविक आहे आणि तो अर्धा खरा आहे. ब्रोकरने खरेदी-किंमत करखात्याला कळवण्याचे बंधन साध्या शेअरांसाठी १ जानेवारी २०११ पासूनच्या, तर म्युच्युअल फंड आणि ड्रिप योजनेतील शेअरांसाठी १ जानेवारी २०१२ पासूनच्या खरेदीला लागू आहे. त्याआधीच्या खरेदीची किंमत सिद्ध करणे ही गुंतवणूकदाराची जबाबदारी. नव्वदच्या दशकात किंवा २००० नंतरच्या पहिल्या दशकात अमेरिकेत आलेल्या अनेकांकडे असे जुने शेअर आहेत. शिवाय ब्रोकरला फक्त त्याच्याकडचे खाते दिसते. जोडीदाराचे खाते, दुसऱ्या कंपनीकडचे निवृत्ती खाते, भारतातील फंड हे सर्व एकत्र फक्त घरच्या दप्तरातच दिसते.

एका वर्षाची कीर्द

उदाहरण घेऊ. समजा, १५ जानेवारी २०२४ रोजी एका कंपनीचे २०० शेअर ५० डॉलर भावाने घेतले. दर शेअरला तिमाही ४० सेंट लाभांश मिळतो आणि तो आपोआप पुन्हा गुंतवला जातो. वर्षभराच्या नोंदी अशा होतील :

मार्च : लाभांश ८०.०० डॉलर, भाव ५२.१५, नवे शेअर १.५३४
जून : लाभांश ८०.६१ डॉलर, भाव ५०.८०, नवे शेअर १.५८७
सप्टेंबर : लाभांश ८१.२५ डॉलर, भाव ५४.२५, नवे शेअर १.४९८
डिसेंबर : लाभांश ८१.८५ डॉलर, भाव ५५.४०, नवे शेअर १.४७७

वर्षअखेरीस खात्यात २०६.०९६ शेअर आहेत. त्यांची खरेदी-किंमत १०,००० अधिक ३२३.७१ म्हणजे १०,३२३.७१ डॉलर. आता ३ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्व शेअर ६० डॉलर भावाने विकले, तर १२,३६५.७६ डॉलर येतात आणि नफा २,०४२.०५ डॉलर होतो. चार खरेद्या नोंदवल्याच नसत्या तर तोच नफा २,३६५.७६ दिसला असता.

हा नफाही एकजिनसी नाही. मूळ २०० शेअर एक वर्षाहून अधिक काळ हाती होते, म्हणून त्यांवरील २,००० डॉलर दीर्घकालीन नफ्यात जातात. पुनर्गुंतवणुकीतून आलेल्या ६.०९६ शेअरांपैकी एकालाही वर्ष झालेले नाही, त्यामुळे उरलेले ४२.०५ डॉलर अल्पकालीन ठरतात आणि त्यांना पगाराच्या दराने कर लागतो. प्रत्येक पुनर्गुंतवणूक हा स्वतःची तारीख, स्वतःची किंमत आणि स्वतःचा धारणकाल असलेला वेगळा ‘लॉट’ असतो. म्हणूनच वर्षभराच्या चार लाभांशांची ३२३.७१ डॉलरची एकच ढोबळ नोंद डिसेंबरअखेर करून टाकण्याचा मोह टाळावा. बेरीज बरोबर येते, तारखा चुकतात.

भाव नव्हे, रक्कम आणि संख्या

वरच्या आकड्यांत एक खोच आहे. जूनच्या नोंदीत १.५८७ ला ५०.८० ने गुणले तर ८०.६२ येतात, प्रत्यक्ष लाभांश मात्र ८०.६१ आहे. सप्टेंबरला गुणाकार ८१.२७ येतो आणि लाभांश ८१.२५, डिसेंबरला ८१.८३ आणि ८१.८५. ब्रोकर शेअरसंख्या तीन किंवा चार दशांश स्थळांपर्यंत पूर्ण करतो, त्यामुळे संख्या, भाव आणि रक्कम हे तिन्ही आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळणे अशक्य असते. सॉफ्टवेअर मात्र या तिघांचा मेळ बसवण्याचा हट्ट धरते आणि भाव व संख्या दिली की रक्कम स्वतःच ठरवून टाकते. मग लाभांशाचे उत्पन्न एक-दोन सेंटांनी चुकते आणि चाळीस तिमाह्यांनंतर कोणताच आकडा कशाशी जुळेनासा होतो.

यावर उपाय सोपा आहे. विवरणात छापलेली एकूण रक्कम आणि शेअरांची संख्या हे दोन आकडे भरावेत आणि भाव सॉफ्टवेअरला काढू द्यावा. तो ५०.७९ आणि काही अपूर्णांक असा विचित्र निघेल, निघू द्यावा. करासाठी लागते ती रक्कम, मालकीसाठी लागते ती संख्या. भाव हा केवळ त्यांचा भागाकार आहे.

ब्रोकर संख्या किती दशांश स्थळांपर्यंत देतो आणि सॉफ्टवेअर किती ठेवते, हेही आरंभीच तपासून घ्यावे. ग्नूकॅशमध्ये प्रत्येक शेअर-खात्यासाठी सर्वांत लहान अपूर्णांक किती धरायचा हे ठरवता येते. ते ठरवताना ब्रोकरपेक्षा एक स्थळ जास्त ठेवलेले बरे.

प्रचलित सॉफ्टवेअरमधील मांडणी

क्विकनमध्ये या व्यवहारासाठी स्वतंत्र प्रकार आहे. व्यवहाराच्या यादीतून पुनर्गुंतवणुकीचा पर्याय निवडला की लाभांश, व्याज, अल्पकालीन व दीर्घकालीन भांडवली नफा-वाटप यांसाठी वेगवेगळे रकाने येतात आणि प्रत्येकासमोर रक्कम व संख्या भरता येते. नोंदवहीत ही नोंद ‘रीइन्व्हडिव्ह’ अशा संक्षेपाने दिसते. एकच नोंद उत्पन्नही दाखवते आणि नवा लॉटही निर्माण करते; खात्यातील रोख शिल्लक हलत नाही.

ग्नूकॅश दुहेरी नोंद पद्धतीवर चालते आणि ज्यांनी शाळेत वाणिज्य शाखेत नावे-जमा घोकले आहे त्यांना ते अधिक जवळचे वाटेल. शेअर-खाते नावे, लाभांश-उत्पन्न खाते जमा, झाले. मध्ये रोख खाते येत नाही. जूनची नोंद अशी : शेअर-खात्यात १.५८७ शेअर, मूल्य ८०.६१, लाभांश-उत्पन्न खात्यात ८०.६१. पाचव्या आवृत्तीपासून शेअर-व्यवहारांसाठी एक मदतनीस खिडकीही त्यात आली आहे. मजकूर-फाइलींवर चालणाऱ्या बीनकाउंट किंवा लेजर यांसारख्या साधनांतही रचना हीच, फक्त ती हाताने टंकावी लागते.

काही ब्रोकर डाउनलोडच्या फाइलीत पुनर्गुंतवणूक एकाच व्यवहाराच्या रूपात पाठवतात, तर काही दोन ओळी पाठवतात : आधी रोख लाभांश, मग तेवढ्याच रकमेची खरेदी. दोन्ही रूपे बरोबर आहेत. दोन ओळींच्या रूपात रोख शिल्लक क्षणभर वाढते आणि लगेच शून्य होते, एवढाच फरक. गडबड होते ती या दोन रूपांची सरमिसळ झाल्यावर. ब्रोकरने रोख लाभांशाची ओळ पाठवली आणि वापरकर्त्याने हाताने ‘रीइन्व्हडिव्ह’ही लिहिले, तर उत्पन्न दुप्पट होते. उलट केवळ खरेदीची ओळ राहिली आणि लाभांशाची गाळली गेली, तर खात्यातील रोख उणे होते. रोख शिल्लक ऋण दिसू लागली की बहुतेकदा कारण हेच असते. अशा वेळी ‘शिल्लक दुरुस्ती’ची एक नोंद टाकून मोकळे होण्याची सवय अनेकांना असते. ती नोंद चूक झाकते, काढत नाही.

याहून घातक सवय आहे ‘शेअर वाढवा’ हा पर्याय वापरण्याची. विवरणात २०६.०९६ आणि सॉफ्टवेअरमध्ये २०० असे दिसले की ६.०९६ शेअर वाढवून संख्या जुळवली जाते. पडद्यावरचे मूल्य बरोबर होते, मनाला समाधान मिळते. मात्र त्या शेअरांना किंमत दिलेली नसते आणि उत्पन्नही कोठे उमटलेले नसते. क्विकन स्वतःही संख्या न जुळल्यास जागा धरून ठेवणारी तात्पुरती नोंद करते. ती तात्पुरतीच राहील याची काळजी वापरकर्त्याने घ्यायची असते.

परताव्याच्या आकड्यांवरही नोंदीचा परिणाम होतो. पुनर्गुंतवणूक ही बाहेरून आलेली नवी रक्कम नव्हे. ती ‘पैसे जमा, मग खरेदी’ अशी नोंदवली तर सॉफ्टवेअरला वाटते की मालकाने खिशातून आणखी ३२३.७१ डॉलर टाकले, आणि परताव्याचा दर उगीचच घसरतो. खरेदी-किंमत वाढलेली दिसते म्हणून ‘एवढे पैसे आपण घातलेच नव्हते’ असा संभ्रमही काहींना पडतो. खरेदी-किंमत करासाठी असते, खिशातून गेलेली रक्कम यश मोजण्यासाठी. चांगले सॉफ्टवेअर हे दोन्ही आकडे वेगळे दाखवते.

सगळे लाभांश एका जातीचे नसतात

जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत ब्रोकरकडून १०९९-डीआयव्ही हा फॉर्म येतो. घरच्या दप्तराची परीक्षा त्याच्यासमोर होते. रकाना १ए मध्ये एकूण साधारण लाभांश, १बी मध्ये त्यांपैकी सवलतीच्या दरास पात्र लाभांश, २ए मध्ये भांडवली नफ्याचे वाटप, ३ मध्ये भांडवलाची परतफेड आणि ७ मध्ये परदेशात कापलेला कर असतो.

येथे दोन गोष्टी वारंवार गोंधळ उडवतात. म्युच्युअल फंडाने वाटलेला दीर्घकालीन नफा २ए मध्ये येतो आणि गुंतवणूकदाराने फंड कालच घेतलेला असला तरी तो दीर्घकालीनच मानला जातो. अल्पकालीन नफ्याचे वाटप मात्र १ए मधील साधारण लाभांशातच मिसळलेले असते. सॉफ्टवेअरमध्ये ते अल्पकालीन नफा म्हणून वेगळे नोंदवले असेल, तर ताळमेळ पाहताना ते लाभांशात मिळवून मगच तुलना करावी.

दुसरी गोष्ट तारखेची. फंडाने ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात जाहीर केलेला आणि त्याच काळातील नोंदणीकृत धारकांना देय असलेला लाभांश प्रत्यक्षात जानेवारीत मिळाला, तरी करासाठी तो ३१ डिसेंबरलाच मिळाल्याचे धरले जाते. सॉफ्टवेअरमध्ये जानेवारीची तारीख आणि फॉर्मवर मागचे वर्ष असे दिसले तर ते दोघांपैकी कोणाचेही चुकलेले नसते. व्यवहाराची खरी तारीख तशीच ठेवून शेरा लिहून ठेवणे पुरेसे आहे.

भांडवलाची परतफेड हा प्रकार स्थावर मालमत्तेच्या ट्रस्टमध्ये वरचेवर आढळतो. ते उत्पन्न नव्हे. ती रक्कम जुन्या शेअरांच्या खरेदी-किंमतीतून वजा होते आणि पुन्हा गुंतवली गेली असल्यास नव्या लॉटची किंमत म्हणून उभी राहते. कोणता भाग परतफेडीचा, हे वर्ष संपल्यावर फॉर्म आल्यावरच कळते. म्हणून या गुंतवणुकींच्या वर्षभराच्या नोंदी फेब्रुवारीत एकदा सुधाराव्या लागतात. एकूण लाभांश १,५०० डॉलरपेक्षा अधिक असेल तर विवरणपत्रासोबत शेड्यूल बी भरावे लागते आणि तेथे प्रत्येक देणाऱ्याचे नाव व रक्कम लिहावी लागते. त्या वेळी वर्षभराचे दप्तर नीट असल्याचे सुख कळते.

थेट कंपनीच्या ड्रिप योजनेतून शेअर सवलतीच्या भावाने मिळत असतील, तर सवलतीचा फायदाही लाभांशातच मोजला जातो. अशा वेळी उत्पन्न आणि नव्या शेअरांची किंमत हे दोन्ही आकडे बाजारभावाने लिहायचे असतात, दिलेल्या रकमेने नव्हे.

तोट्यातील विक्री आणि गुपचूप झालेली खरेदी

पुनर्गुंतवणुकीचा सर्वांत अनपेक्षित फटका तोट्यात शेअर विकणाऱ्याला बसतो. तोट्याच्या विक्रीच्या आधीच्या किंवा नंतरच्या ३० दिवसांत तोच शेअर विकत घेतला गेला, तर तेवढ्या शेअरांपुरता तोटा त्या वर्षी वजा करता येत नाही. अमेरिकी कायद्यात याला ‘वॉश सेल’ म्हणतात. माणसाने स्वतः खरेदी केलेली नसते; डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तोटा नोंदवण्यासाठी काही शेअर विकले, आणि उरलेल्या शेअरांवरचा लाभांश महिनाअखेरीस आपोआप पुन्हा गुंतला, एवढे पुरते.

सुदैवाने तोटा पूर्ण नाकारला जात नाही. दीड शेअर पुन्हा घेतला गेला असेल तर दीड शेअरापुरताच तोटा अडकतो आणि तो नव्या लॉटच्या किंमतीत मिळवला जातो. तो शेअर पुढे विकल्यावर हिशेब फिटतो. पण पुनर्गुंतवणूक निवृत्ती खात्यात झाली असेल तर गोष्ट वेगळी. २००८ च्या पाचव्या महसुली निर्णयानुसार आयआरए खात्यातील खरेदीमुळे अडकलेला तोटा कोणाच्याच किंमतीत मिळवता येत नाही. तो कायमचा जातो. जोडीदाराने केलेली खरेदीही या नियमात धरली जाते. ब्रोकरचा १०९९-बी फॉर्म एकाच खात्यातील आणि त्याच रोख्याच्या अशा विक्री दाखवतो. नवऱ्याच्या करपात्र खात्यातील विक्री आणि बायकोच्या आयआरएतील पुनर्गुंतवणूक यांची गाठ तो घालून देत नाही. घरातील सर्व खाती एकाच सॉफ्टवेअरमध्ये असतील, तर एका शेअरच्या नावाने शोध घेऊन ६१ दिवसांची खिडकी दोन मिनिटांत तपासता येते.

तंत्रज्ञान कंपन्यांत काम करणाऱ्यांनी आणखी एक खरेदी लक्षात ठेवावी : कर्मचारी शेअर-खरेदी योजनेतील सहामाही खरेदी. त्या योजनेच्या शेअरांत दुहेरी कराचा दुसरा सापळाही आहे. सवलतीचा भाग पगारात धरून त्यावर कर लागलेला असतो, पण १०९९-बी वरील किंमतीत तो मिळवलेला नसतो. पुनर्गुंतवणुकीच्या चुकीचे हे सख्खे भावंड आहे, आणि दुरुस्ती येथेही विवरणपत्रातील ८९४९ फॉर्मवरच करावी लागते.

जेथे काटेकोरपणा लागत नाही, आणि जेथे लागतोच

४०१के किंवा आयआरए खात्यांतील पुनर्गुंतवणुकीवर त्या वर्षी कर नसतो आणि तेथील प्रत्येक लॉटच्या किंमतीला करासाठी अर्थ नसतो. तेथे तिमाहीला एक एकत्रित नोंद केली तरी चालते. युनिटसंख्या जुळावी आणि परतावा कळावा, एवढाच हेतू. प्रत्येक १.२३७ युनिटसाठी रात्र जागवणाऱ्यांनी तो वेळ करपात्र खात्याला द्यावा. मात्र सॉफ्टवेअरमध्ये ते खाते करमुक्त किंवा कर-स्थगित म्हणून चिन्हांकित केलेले आहे, याची खात्री करावी. नाहीतर तेथील लाभांश करअहवालात घुसतात.

आरोग्य बचत खाते, म्हणजे एचएसए, हा अपवाद. संघीय पातळीवर ते करमुक्त आहे. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी ही दोन राज्ये मात्र ती सवलत मानत नाहीत, आणि मराठी वस्ती मोठी असलेली राज्ये नेमकी हीच. तेथील रहिवाशांच्या एचएसएमध्ये गुंतवलेल्या फंडाचा लाभांश राज्याच्या दृष्टीने करपात्र असतो, पुनर्गुंतवणुकीने किंमतही वाढते, पण संघीय कर नसल्यामुळे १०९९-डीआयव्ही येत नाही. या एका ठिकाणी घरचे दप्तर हेच जवळपास एकमेव दप्तर असते.

भारत, ब्रिटन, आखात

भारतातील म्युच्युअल फंडांच्या ज्या पर्यायाला पूर्वी ‘डिव्हिडंड’ म्हणत, त्याचे नाव १ एप्रिल २०२१ पासून बदलले आहे. उत्पन्न-वाटप तथा भांडवल-काढणी अशा अर्थाचे लांबलचक नाव आणि आयडीसीडब्ल्यू हे त्याचे संक्षिप्त रूप. नाव बोजड असले तरी प्रामाणिक आहे. वाटपात भांडवलाचाही भाग असू शकतो, हे ते सांगते. २०२० पासून लाभांश गुंतवणूकदाराच्या हाती करपात्र झाल्यामुळे अनिवासी भारतीयाच्या वाटपातून आधी कर कापला जातो आणि उरलेलीच रक्कम पुन्हा गुंतते. अधिभार लागू नसल्यास १०,००० रुपयांच्या वाटपातून उपकरासह २,०८० रुपये कर जातो. उरलेल्या ७,९२० रुपयांतून सुमारे ४० पैसे मुद्रांक शुल्क वजा होऊन युनिट मिळतात. सॉफ्टवेअरमध्ये उत्पन्न १०,००० लिहावे, २,०८० परदेशी कराच्या खात्यात टाकावेत आणि उरलेली रक्कम युनिटांच्या बाजूला. केवळ ७,९२० ची पुनर्गुंतवणूक लिहिली तर भरलेला कर दप्तरातून नाहीसा होतो आणि अमेरिकेत त्याचे श्रेय मागताना आधार राहत नाही. अमेरिकेचा कर-रहिवासी असलेल्यासाठी भारतीय फंड ८६२१ फॉर्मच्या किचकट नियमांत येतात आणि पुन्हा गुंतवलेले वाटपही त्यांत मोजले जाते. तेथे मात्र स्वतःच्या हिशेबासोबत जाणकार सीपीए हवाच.

ब्रिटनमध्ये प्रश्न उलट्या रूपात येतो. तेथील ‘ॲक्युम्युलेशन’ प्रकारच्या फंडात उत्पन्न फंडातच राहते, युनिटसंख्या वाढत नाही, फक्त भाव वाढतो. आयसा खात्याबाहेर असे युनिट असतील तर ते न मिळालेले उत्पन्नही करपात्र असते आणि तेवढीच भर खरेदी-किंमतीत घालता येते. शून्य युनिटांची पुनर्गुंतवणूक कशी नोंदवायची? ग्नूकॅशमध्ये संख्या शून्य ठेवून केवळ मूल्याची नोंद करता येते : लाभांश-उत्पन्न जमा, फंड-खाते नावे. इतर सॉफ्टवेअरमध्ये किंमत-समायोजनाचा पर्याय शोधावा. तेथे शेअरांची किंमत एकत्रित सरासरीने धरली जात असल्यामुळे लॉटच्या तारखांची अमेरिकेसारखी चिंता नसते.

संयुक्त अरब अमिरातीत राहून अमेरिकी शेअर घेणाऱ्यांना घरी आयकर नाही, पण अमेरिकेशी करार नसल्यामुळे तेथील लाभांशातून ३० टक्के आधीच कापले जातात. १०० डॉलर उत्पन्न, ३० डॉलर कर, ७० डॉलरची खरेदी अशी तीन पायांची नोंद केली तरच या शेअरांचा खरा परतावा कळतो.

हरवलेली वर्षे आणि उरलेले अपूर्णांक

मायक्रोसॉफ्ट मनीची विक्री २००९ मध्ये थांबली, मिंट २०२४ च्या मार्चमध्ये बंद झाले. दप्तर सॉफ्टवेअरच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकावे लागते, म्हणून वर्षातून एकदा सर्व व्यवहार साध्या मजकूर-फाइलीत काढून ब्रोकरच्या वार्षिक विवरणांच्या शेजारी ठेवावेत.

जुनी वर्षे हरवली असतील तर ती बऱ्याच अंशी पुन्हा उभी करता येतात. मोठ्या कंपन्यांच्या गुंतवणूकदार विभागात दर शेअरचा लाभांश, देय तारखा आणि शेअर-विभाजनांचा इतिहास दिलेला असतो. पहिल्या खरेदीपासून तिमाहीमागून तिमाही पुढे जात, त्या दिवशीच्या भावाने नवे शेअर काढत आजच्या संख्येपर्यंत यावे. येणारी संख्या विवरणातील संख्येच्या शेअरभराच्या आत असेल तर मांडणी बरोबर आहे. जुन्या विवरणपत्रांतील शेड्यूल बी असल्यास वर्षाची बेरीज ताडून पाहता येते. ज्या लॉटची किंमत १०९९-बी वर नाही, त्यासाठी हाच तक्ता आधार ठरतो आणि तो विवरणपत्राच्या प्रतीसोबत जपावा लागतो.

खाते एका ब्रोकरकडून दुसऱ्याकडे नेताना शेवटची एक नोंद बहुतेकांची सुटते. पूर्ण शेअर नव्या खात्यात जातात. अपूर्णांक सामान्यतः जात नाही, जुना ब्रोकर तो विकून रोख देतो. वरच्या उदाहरणातील २०६.०९६ पैकी २०६ शेअर हलतील आणि ०.०९६ शेअर ६० डॉलर भावाने विकला जाऊन ५.७६ डॉलर येतील. पुढच्या वर्षी तेवढ्या रकमेचाही १०९९-बी येऊ शकतो. सॉफ्टवेअरमध्ये ही विक्री नोंदवावी आणि, ब्रोकर ‘पहिले आले ते पहिले गेले’ ही पद्धत वापरत असेल तर, तो अपूर्णांक जानेवारी २०२४ च्या मूळ लॉटमधून वजा करावा. तसे केले की जुने खाते शून्य संख्या आणि शून्य रोख दाखवून बंद होते, आणि नव्या खात्यात मूळ १९९.९०४ शेअर व पुनर्गुंतवणुकीचे चारही लॉट आपापल्या तारखांसह जातात.